नकाशा मुलांच्या हातात

1971 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या मिनीॲपोलिस शहरात आठवीचा इतिहासाचा तास संगणकाला जोडलेल्या एका टेलिटाइप यंत्राभोवती भरला. पडदा नव्हताच, यंत्र कागदावर ओळी छापायचं आणि मुलं उत्तरं टाइप करायची. डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक पश्चिमेकडच्या स्थलांतराचा धडा शिकवणार होता. त्यासाठी त्याच्याबरोबर राहणाऱ्या बिल हाइनमन आणि पॉल डिलेनबर्गर या गणिताच्या शिकाऊ शिक्षकांनी जेमतेम दोन आठवड्यांत खेळ लिहून दिला. त्याचं नाव ‘द ओरेगॉन ट्रेल’.

पुढे छापून आलेल्या आवृत्तीत साल आहे 1847. पाच माणसांच्या कुटुंबाला मिझुरीतल्या इंडिपेन्डन्सहून ओरेगॉनपर्यंत 2,040 मैल जायचंय. गाठीला 900 डॉलर होते, त्यातले 200 गाडीत गेले. उरलेल्या 700 मध्ये बैल, अन्न, काडतुसं, कपडे आणि किरकोळ सामान बसवायचं. बैलांवर हात आखडला की गाडी रेंगाळते आणि डोंगरातच हिवाळा गाठतो. कपड्यांवर आखडला तर त्याच थंडीत माणसं दगावतात.

1974 मध्ये रॉविच मिनेसोटा राज्याच्या शैक्षणिक संगणक संस्थेत रुजू झाला. तिथे त्याने त्या वाटेने खरोखर गेलेल्या लोकांच्या रोजनिशा वाचल्या. आजारपण, वादळ, हरवलेले बैल यांचा उल्लेख कुठे आणि किती वेळा येतो ते पाहून त्याने खेळातल्या शक्यतांचे आकडे बदलले. खेळातून इतिहास शिकवायचा तर काय करावं लागतं, याचा हा पहिला मोठा धडा. इतिहास पडद्यावरच्या चित्रांत नसतो, खेळाच्या नियमांत असतो. म्हणून साधनं वाचून नियम घडवावे लागतात.

बाजारात तयार मिळणाऱ्या खेळात शिक्षकाला हे स्वातंत्र्य कमी असतं. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ 1991 मध्ये आला. एक जमात घ्यायची, शहर वसवायचं आणि शेती, लेखन, लोखंड असं करत करत थेट अवकाशयानापर्यंत पोचायचं. कर्ट स्क्वायर या संशोधकाने याच मालिकेतला तिसरा खेळ शाळकरी मुलांना इतिहास शिकवण्यासाठी वापरला आणि 2004 मध्ये त्यावर इंडियाना विद्यापीठात प्रबंध सादर केला. त्याने मुलांपुढे खऱ्या जगाचा नकाशा ठेवला, ज्यात प्रत्येक समाज आपापल्या जागी होता. युरोपीयांनी अमेरिका व्यापली, उलट का झालं नाही, हा प्रश्न त्यामुळे पाठ्यपुस्तकातून उठून मुलांच्या समोर आला. या खेळात घोडदळ उभारायचं तर घोडे ताब्यात असावे लागतात, आणि प्रत्यक्षातल्या अमेरिकेत 1493 मध्ये स्पॅनिश जहाजांतून येईपर्यंत घोडे नव्हते. अशी अडचण स्वतःच्या डावात आली की भूगोल आणि इतिहास यांचं नातं निराळं सांगावं लागत नाही.

सगळ्यांनाच हे भावलं असं मात्र नाही. सुमारे पाव मुलांना खेळ किचकट वाटला. त्यांनी तो सोडून वाचनगटाची वाट धरली. तितकीच मुलं त्यात पार रमली. संगणक आणून ठेवला की काम झालं असं मानणाऱ्या प्रत्येकाने हा अनुभव लक्षात घ्यायला हवा.

2016 च्या जूनमध्ये याच मालिकेच्या पाचव्या खेळाची खास शाळांसाठीची आवृत्ती जाहीर झाली. उत्तर अमेरिकेतल्या माध्यमिक शाळांसाठी आखलेल्या त्या योजनेत शिक्षकांना तयार पाठ आणि मुलांची प्रगती पाहण्याची सोय मिळणार होती. सोयी चांगल्याच, पण खेळ इतिहासाकडे कोणत्या नजरेने पाहतो, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही. 2018 मध्ये सहाव्या खेळात कॅनडातल्या क्री लोकांचे नेते पाउंडमेकर यांना घेतलं गेलं, तेव्हा त्यांच्याच समाजाचे एक प्रमुख मिल्टन टूटूसिस यांनी जाहीर आक्षेप घेतला. इतरांना जिंकून त्यांच्या जमिनी घ्यायच्या, हे मूल्य त्यांच्या पूर्वजांचं नव्हतं. खेळाने ते त्यांच्या माथी मारलं होतं. हा आक्षेप वर्गात जसाच्या तसा मांडावा. दुसऱ्या कोणत्याही धड्याइतकाच तो मोलाचा आहे.

मराठी शिक्षकालाही अशी संधी आहे. 2009 च्या ‘एम्पायर: टोटल वॉर’ या खेळात मराठ्यांचं राज्य घेऊन खेळता येतं आणि डाव 1700 मध्ये सुरू होतो. त्या वर्षी मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचं निधन झालं, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला आणि राज्याची सूत्रं महाराणी ताराबाईंनी हाती घेतली. खेळात प्रत्येक प्रांताचा मालक एकच असतो, त्याचा रंगही एकच. प्रत्यक्षात दख्खनचे सहा सुभे बादशहाचे म्हणवले जात, आणि 1719 च्या सनदांनी तिथे चौथाई आणि सरदेशमुखी हे कर वसूल करण्याचा हक्क मराठ्यांना मिळाला. एकाच गावातून दोन सत्तांकडे वसुली जाई. हे खेळाच्या नकाशावर दाखवताच येत नाही.

तेव्हा डाव तिथेच थांबवावा, मुलांना कोरा कागद द्यावा आणि या सहा सुभ्यांना कोणता रंग द्यायचा, हे त्यांनाच ठरवू द्यावं. कुणी पट्टे काढील, कुणी दोन रंग मिसळील, कुणी विचारील की गावच्या पाटलाला यातलं काय वाटत असेल. त्या तासाला मोडी कागदातली वसुलीची एखादी नोंद लिप्यंतर करून समोर ठेवली, तर पुढचा डाव मुलं निराळ्या डोळ्यांनी खेळतील.