दर्शनी किंमत आणि खरी किंमत
(द्वितीय वर्ष, कला)

प्राथमिक शाळेत गुरुजींनी आपल्याला अंकाच्या दोन किमती शिकविल्या: एक दर्शनी, दुसरी स्थानिक. ५०३ या संख्येत पाचाची दर्शनी किंमत पाच, पण स्थानिक किंमत पाचशे. अंक दिसतो एक आणि त्याचे मोल असते दुसरे, हा धडा आपण लहानपणीच गिरविला. संगणकावरील एक्सेलच्या तक्त्यापुढे बसले की तोच धडा पुन्हा वाचावा लागतो. तेथेही सेलमध्ये दिसते ते एक आणि साठविलेले असते ते दुसरे, असे घडू शकते. आत साठविलेला आकडा बाहेर कसा दिसावा हे जो नियम ठरवितो, त्याला 'नंबर फॉरमॅट' म्हणतात. हा नियम आपण स्वतः लिहिला की तो होतो 'कस्टम फॉरमॅट'. प्रस्तुत लेखात त्याची ओळख करून देण्याचा विचार आहे.

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हा वाणिज्याचा विषय कशाला, असे कुणी विचारील. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. पुढे पतसंस्थेत, शाळेत वा सरकारी कचेरीत, जेथे कोठे नोकरी मिळेल तेथे असे तक्ते पुढ्यात येणार, हे मला ठाऊक आहे. शिवाय हा विषय गणितापेक्षा व्याकरणाच्या अधिक जवळचा आहे. त्यात स्वल्पविराम, अर्धविराम आणि अवतरणचिन्हे आहेत; आणि व्याकरणाला आपण कधीपासून भिऊ लागलो?

सेल निवडून कंट्रोल आणि १ या कळा एकदम दाबल्या की 'फॉरमॅट सेल्स' ही चौकट उघडते. तीत 'नंबर' या विभागातील यादीच्या तळाशी 'कस्टम' असते. तेथे आपला नियम लिहावयाचा. (येथे नियमांतील अंक नागरीत छापले आहेत, यंत्रावर ते इंग्रजी अंकांतच टंकावेत.)

या नियमातील मुख्य चिन्हे दोन. शून्य (०) म्हणजे राखीव जागा: अंक असो वा नसो, ती जागा दिसलीच पाहिजे. हॅश (#) म्हणजे ऐच्छिक जागा: अंक असेल तरच दिसावी. सेलमध्ये ५.५ असेल आणि नियम ०.०० असेल, तर ५.५० दिसते, #.## असेल, तर ५.५ दिसते. हजेरीपटावर ७ हा क्रमांक ००७ असा हवा असेल, तर ००० एवढाच नियम पुरे.

पूर्ण नियमाला चार उपवाक्ये असू शकतात आणि ती अर्धविरामांनी जोडलेली असतात. पहिले धन संख्येसाठी, दुसरे ऋण संख्येसाठी, तिसरे शून्यासाठी आणि चौथे मजकुरासाठी. आपल्या खतावणीच्या भाषेत एक उदाहरण देते:

#,##०.०० "जमा";#,##०.०० "नावे";"निरंक";@

आता २५० लिहिले की '२५०.०० जमा' दिसते, उणे २५० लिहिले की '२५०.०० नावे', आणि शून्य लिहिले की 'निरंक'. शेवटचे @ हे चिन्ह मजकूर जसाच्या तसा दाखविते. यातील मर्म असे की, 'जमा' हा शब्द केवळ अंगरखा आहे; आतला आकडा आकडाच राहतो आणि बेरजेत येतो. याउलट '२५० जमा' असे आपण हाताने टंकले, तर यंत्र त्या सगळ्याला मजकूर समजते आणि 'सम'ची बेरीज त्याला खुशाल वगळून पुढे जाते.

परदेशी पद्धतीत स्वल्पविराम दर तीन अंकांनंतर येतो. आपल्याला लाख-कोटी हवे असतात. संगणकाच्या प्रादेशिक रचनेत भारत निवडणे हा त्यावरील सोपा मार्ग. नियमानेच करावयाचे तर असे लिहितात:

[>=१०००००००]##\,##\,##\,##०;[>=१०००००]##\,##\,##०;##,##०

चौकटी कंसात अट आणि उलट्या तिरप्या रेघेपुढे आपण बसविलेला स्वल्पविराम. मात्र अटी दोनच घालता येतात. त्यामुळे ऋण रकमा तिसऱ्या उपवाक्यात पडतात आणि त्यांना लाखाचा स्वल्पविराम मिळत नाही.

आता या विषयाची दुसरी बाजू. आमच्या वाडीतील बचत गटात माझी आई सभासद आहे. एकदा व्याजाचे १००० रुपये बारा जणींत वाटावयाचे होते. संगणकावर केलेल्या पत्रकात प्रत्येकीपुढे ८३ आणि खाली बेरीज १००० होती. बायकांनी बोटांवर हिशेब केला: बारा त्र्याऐंशी नऊशे शहाण्णव. मग वरचे चार रुपये कुणाचे? पत्रक करणाऱ्या मुलीकडे सगळ्या संशयाने पाहू लागल्या. वास्तविक तिची लबाडी काहीच नव्हती. प्रत्येक सेलमध्ये ८३.३३३३... होते, नियम ० असल्यामुळे दिसत होते ८३. बेरीज होते ती आतल्या आकड्यांची, दिसणाऱ्या आकड्यांची नव्हे. मी तो रकाना 'जनरल' करून दाखविला, तेव्हा सर्वांना ते तीन-तीन-तीन दिसले. आकडा खरोखरच पूर्ण करावयाचा असेल, तर 'राउंड' हे सूत्र वापरावे लागते. तसे केल्यावर बेरीज ९९६ आली आणि उरलेले ४ रुपये गटाच्या शिल्लकेत सर्वांसमक्ष लिहिले गेले. चार रुपये ही क्षुल्लक रक्कम. पण बचत गट रुपयांवर कमी आणि विश्वासावर जास्त चालतो.

तारखांचेही असेच. विंडोजवरील एक्सेल तारीख म्हणून दिवसांची संख्या साठविते. १ जानेवारी १९०० हा तिचा पहिला दिवस. महाराष्ट्र राज्य स्थापन झाले तो १ मे १९६० हा दिवस तिच्या लेखी २२०३७ असतो. गंमत म्हणजे या मोजणीत २९ फेब्रुवारी १९०० हा कधीच न उगवलेला दिवसही धरलेला आहे, कारण लोटस १-२-३ या आधीच्या प्रणालीशी मेळ राखावयाचा होता. वेळ म्हणजे दिवसाचा अंश. म्हणून मजुराचे नऊ-नऊ तासांचे तीन दिवस मिळविले की साध्या नियमात २७ ऐवजी ३ तास दिसतात. तासाचे अक्षर चौकटी कंसात घातले की पूर्ण २७ दिसतात. एका कंसावर कुणाची मजुरी अवलंबून असू शकते!

फॉरमॅटला मर्यादाही आहेत. एक्सेल संख्येचे पंधराच अंक जपते. पुढचे अंक शून्य होतात आणि कोणताही नियम ते परत आणू शकत नाही. काही बँकांचे खाते क्रमांक याहून लांब असतात. असे क्रमांक टंकण्यापूर्वीच सेल 'टेक्स्ट' करावा. तसेच ;;; असे नुसते तीन अर्धविराम दिले की सेल रिकामा दिसतो, पण आतला आकडा बेरजेत येतच राहतो. हे साधन सुबकपणासाठी आहे, तसेच ते लपवाछपवीच्याही कामी येते.

विद्यार्थिमित्रहो, दिसते तसे नसते, ही म्हण आपल्या पूर्वजांनी माणसांविषयी केली. ती आकड्यांनाही लागू पडते. आमच्या घरी आजवर कागदावर जे दिसेल त्यापुढे अंगठा उठविला गेला. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तेच झाले असेल. आता तो कागद वाचण्याची पाळी आपली आहे. म्हणून कुणी पत्रक पुढे ठेवले आणि बेरीज जुळेना, तर माणसावर आळ घेण्यापूर्वी तो रकाना 'जनरल' करून आतला आकडा पाहावा. आणि बेरीज फारच सुबक जुळत असेल, तर तेव्हाही पाहावा.