गडावरचं टाकं नकाशावर येतं कसं

हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्याला निघण्याआधी दोन गोष्टी ठाऊक हव्या असतात: वाट कुठली धरायची आणि वर पाणी मिळेल का. वाटेचा पत्ता हल्ली फोन देतो. पाण्याचा सहसा देत नाही. मोठ्या कंपन्यांच्या नकाशांवर हॉटेलं, एटीएम, पेट्रोलपंप खच्चून भरलेले असतात, कारण त्या प्रत्येक जागेला मालक आहे आणि आपण नकाशावर दिसावं ही त्याची गरज आहे. कातळात खोदलेल्या टाक्याला असा कोणी वाली नाही. पायथ्याच्या गावातला हातपंप, एसटीच्या थांब्याजवळचं शौचालय, पंक्चर काढणाऱ्याची टपरी यांचीही तीच गत. अशा जागा नकाशावर यायच्या तर त्या तिथे पोचलेल्या कोणीतरी फुकट, हौसेनं घालाव्या लागतात.

त्यासाठी सगळ्यात मोकळी जागा म्हणजे ओपनस्ट्रीटमॅप. ब्रिटनमध्ये सरकारी नकाशांची माहिती महाग आणि अटींनी बांधलेली होती, त्याला उत्तर म्हणून स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 साली तो सुरू केला. खातं उघडून कोणीही त्यात भर घालू शकतं. श्रेय देणं आणि काही अटी पाळणं एवढ्यावर त्यातली सगळी माहिती कोणालाही उतरवून घेता येते, अगदी धंद्यासाठीसुद्धा. म्हणूनच ऑरगॅनिक मॅप्स, ऑसमअँड यांसारखी अ‍ॅप्स याच माहितीवर चालतात आणि अख्खा प्रदेश आधीच फोनमध्ये भरून घेऊ देतात. गडाच्या माथ्यावर रेंज असेलच असं नाही, तेव्हा हे सोयीचं पडतं. गूगलच्या नकाशातही जागा सुचवता येतात आणि त्यात गैर काही नाही. फक्त ती माहिती पुढे कुठे, कशी वापरायची हे कंपनी ठरवते. गूगलनं 2008 मध्ये मॅप मेकर नावाची सोय दिली होती, भारतातही कित्येकांनी तीवर मन लावून काम केलं, आणि 2017 मध्ये कंपनीनं ती बंद केली. एक तास खर्च करायचा तर मी तो मोकळ्या नकाशावर करीन.

आता प्रत्यक्ष काम. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये जागा घालायला एव्हरी डोअर हे अ‍ॅप आहे; ते अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर चालतं. स्ट्रीटकम्प्लीट आणखी सोपं: ते आसपासच्या जागांबद्दल एकेक प्रश्न विचारतं आणि आपण उत्तर देत जायचं. घरी बसून निवांत करायचं असेल तर संकेतस्थळावरच संपादनाची सोय आहे.

टाक्याशी उभं राहा आणि घाई करू नका. उघड्या माळावर फोनचा जीपीएस साधारण पाच मीटरच्या आसपास चुकतो; उंच कड्याला लागून किंवा दाट झाडीत चूक बरीच वाढते, कारण उपग्रहांचे संदेश दगडावर आपटून उशिरा पोचतात. म्हणून कातळापासून थोडं मोकळ्यात या, निळा ठिपका स्थिरावू द्या, मग जागा ठरवा. अक्षांश-रेखांशाचा पाचवा दशांश म्हणजे जमिनीवर सुमारे एक मीटर; त्यापुढचे आकडे अ‍ॅपनं दाखवले तरी त्यांवर विसंबू नये. गडावर एका रांगेत चार टाकी असतात, त्यातल्या एकाच टाक्याचं पाणी लोक पितात आणि बाकीच्यांत शेवाळ साचलेलं असतं. दहा मीटरची चूक म्हणजे चुकीचं टाकं. उपग्रहचित्रावर ठिपका टेकवून पाहावा, पण डोंगराळ मुलखात ते चित्रही काही मीटर सरकलेलं असू शकतं.

ठिपका पडला की त्याला गुण चिकटवायचे. या नकाशात प्रत्येक वस्तूपाशी जोड्या असतात: डाव्या बाजूला गुणाचं नाव, उजव्या बाजूला त्याची किंमत. त्या आत इंग्रजीत लिहिलेल्या असतात, पण अ‍ॅपमध्ये यादीतून निवडलं की झालं. मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे. तो देवनागरीत जरूर भरावा. टाक्याला नावच नसेल तर रिकामा सोडावा, ‘पाण्याचं टाकं’ असं नाव ठोकून देऊ नये.

खरी पंचाईत पुढे आहे. पाणी आहे ही एक गोष्ट, पिण्याजोगं आहे ही दुसरी. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत शिवलिंगाभोवती कमरेएवढं गार पाणी असतं, भाविक त्यात उतरून प्रदक्षिणा घालतात. उपग्रहाला ती गुहा दिसतच नाही, आणि जाऊन पाहिलेल्यानंही उत्साहाच्या भरात ‘पिण्याचं पाणी’ निवडलं तर अनर्थ. आपल्याजवळ प्रयोगशाळा नसते. पाटी असेल तर ती, नसेल तर गावकरी काय पितात ते पाहायचं आणि तेवढंच लिहायचं. माहीत नसेल तर तो रकाना कोरा ठेवायचा. कोरा रकाना वाचणारा माणूस पाणी पायथ्याहूनच भरून निघतो. खोटा ‘हो’ वाचणारा रिकाम्या बाटलीनिशी वर येतो.

मग मोसमाचा प्रश्न. ऑगस्टमध्ये सह्याद्रीतलं कुठलं टाकं भरलेलं नसतं? पावसाळी ट्रेकला गेलेल्यांनी नोंदवलेली टाकी म्हणूनच थोडी संशयानं पाहावीत. पायथ्याशी चहा घेताना विचारावं, “मामा, वरचं टाकं बारमाही आहे का?” उत्तर बहुधा सणांच्या हिशेबात येतं: “होळीपर्यंत असतंय, पुढं नाय भरवसा.” नकाशाला होळी कळत नाही. त्यात ‘मोसमी’ असा एक गुण आहे, तो लावायचा आणि वर्णनाच्या रकान्यात ‘साधारण मार्चपर्यंत, गावकऱ्यांच्या सांगण्यावरून’ असं साध्या शब्दांत लिहायचं. आणखी एक रकाना बरेच जण सोडून देतात: प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख. माझ्या मते नावापेक्षाही तो महत्त्वाचा. सहा वर्षांपूर्वी पाहिलेलं टाकं आणि गेल्या महिन्यात पाहिलेलं टाकं यांत वाचणाऱ्याला फरक कळायला दुसरा मार्ग नाही.

वाटांच्या बाबतीत तर जास्तच जपायला हवं. याच गडावर नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमधल्या पाचनईहून सोपी वाट येते. पुणे जिल्ह्यातल्या खिरेश्वरहून टोलार खिंडीची वाट येते. आणि ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाड्याहून नळीची वाट, जी खड्या घळीतून मोठमोठ्या दगडांवरून चढते. नुसत्या तुटक रेघा काढल्या तर तिन्ही सारख्याच दिसतील, आणि नवखा माणूस अंतर पाहून वाट निवडील. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये पायवाटेची अवघडता सांगायला स्विस आल्पाइन क्लबची सहा पायऱ्यांची श्रेणी वापरतात. वाट जमिनीवर किती ठळक दिसते यासाठी वेगळा गुण आहे. हे दोन गुण न लावता अवघड वाट नकाशावर काढणं मला बेजबाबदार वाटतं. ढोरवाटांचंही तेच. गुरांना सगळीकडे जायचं असतं, आपल्याला नाही.

पायथ्याच्या गावातल्या नोंदी सोप्या असतात, पण तिथे माणसं असतात. एखाद्या घरी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते, अंगणात झोपायला जागा मिळते. ते घर नकाशावर टाकण्याआधी त्यांना विचारा. “मावशी, तुमच्याकडे जेवण मिळतं असं फोनवरच्या नकाशात लिहू का? नंबर घालू का?” काहींना हवंच असतं, काहींना रात्री-अपरात्री येणारे फोन नको असतात. आठवडी बाजाराचा वार, शौचालयाला कुलूप असतं का, पैसे लागतात का, चाकाची खुर्ची आत जाते का, या सगळ्याला रकाने आहेत.

एक पथ्य मात्र कडक: दुसऱ्या नकाशावरून किंवा ट्रेकिंगच्या पुस्तकातल्या नकाशावरून काहीही उतरवायचं नाही. गूगलवर दिसलेलं नाव तर नाहीच. स्वतः पाहिलेलं, जागेवरच्या पाटीवर वाचलेलं, विचारून घेतलेलं, आणि ज्या उपग्रहचित्रांना परवानगी आहे त्यांवरून रेखलेलं एवढंच चालतं. नाहीतर हक्काचा वाद उभा राहतो आणि चांगल्या नोंदींसकट सगळं काढून टाकायची पाळी येते.

शेवटी बदल चढवताना काय केलं आणि माहिती कुठून आली याची एक ओळ लिहायची. आधी कोणी तपासून मंजुरी देत नाही. बदल लगेच मूळ साठ्यात जातो. बावरायचं कारण नाही. प्रत्येक वस्तूचा आधीचा इतिहास जपलेला असतो, चूक उलटवता येते, आणि जुनेजाणते लोक नव्यांच्या बदलांवर नजर ठेवून विचारपूस करतात, कधी जरा खवचटपणे. लोकांच्या फोनमधला नकाशा मात्र त्यांनी नवी आवृत्ती उतरवल्यावरच बदलतो. त्यामुळे आज घातलेलं टाकं अनेकांना काही आठवड्यांनी दिसतं.

जुलै 2025 मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यातले अकरा महाराष्ट्रात, जिंजी तमिळनाडूत. या गडांवर बाहेरून येणारी वर्दळ वाढेल आणि त्या लोकांना विचारायला ओळखीचे मामा नसतील. नवे ठिपके घालण्याइतकंच काम जुने तपासण्याचं आहे. आटलेलं किंवा गाळानं भरलेलं टाकं दिसलं तर ठिपका पुसू नका. टाकं तिथे आहेच, फक्त पिण्याच्या पाण्यापुढे ‘नाही’ करा आणि तारीख बदला. संपादनात पडायचं नसेल तर संकेतस्थळावर त्या जागी टिपण ठेवता येतं, ‘दुसऱ्या टाक्यात पाणी नाही, एप्रिल’ एवढंसुद्धा पुरतं. असं टिपण वाचून कोणीतरी बदल करतं, किंवा पुढच्या खेपेला वर जाताना ते टाकं पाहून येतं.