उलटलेला दगड पुन्हा जागेवर

ओहोटीला खडकांत उरलेल्या डबक्यांपाशी बसून समुद्री जीव शिकवण्याची पद्धत लोकप्रिय झाली ती मुख्यतः फिलिप हेन्री गॉस (१८१०–१८८८) या इंग्रज निसर्गअभ्यासकामुळे. त्याने तरुणपणी न्यूफाउंडलंडमध्ये कारकुनी केली, अलाबामात शाळा चालवली आणि जमैकात पक्ष्यांचा अभ्यास केला. प्रकृती ढासळल्यामुळे १८५२ मध्ये तो इंग्लंडच्या डेव्हन किनाऱ्यावर राहायला गेला. तिथल्या डबक्यांतले जीव पाहून त्याने पुढच्याच वर्षी डेव्हनच्या किनाऱ्याविषयी पुस्तक लिहिले आणि १८५४ मध्ये ‘द अक्वेरियम’ हे घरच्या काचपेटीत समुद्र जोपासण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध केले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये सार्वजनिक मत्स्यालय सुरू झाले, त्यासाठीही त्याने जीव गोळा करून दिले होते.

तोवर समुद्री जीवांचा अभ्यास बहुतांशी वाळलेल्या शिंपल्यांवर आणि मद्यार्कात बुडवलेल्या नमुन्यांवर चाले. गॉसने तो जिवंत प्राण्यापाशी नेला. इल्फ्राकोम्ब येथे १८५५ मध्ये त्याने हौशी स्त्री-पुरुषांचा वर्ग भरवला. ओहोटीला खडकांवर जायचे, सापडलेले जीव ओळखायचे, मग ते सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळायचे, असा त्याचा क्रम होता. समुद्रफूल (सी ॲनिमोनी) भक्ष्य कसे पकडते आणि धक्का लागताच अंग कसे आखडून घेते, हे शिकणाऱ्यांना डोळ्यांनी दिसू लागले. गॉसचे हे शिक्षणातले योगदान मोठे आहे आणि त्या मानाने त्याचे नाव फारच थोडे घेतले जाते.

या पद्धतीचा सर्वांत लहान विद्यार्थी म्हणजे गॉसचा मुलगा एडमंड. आई १८५७ मध्ये कर्करोगाने गेली आणि बापलेक डेव्हनमधल्या सेंट मेरीचर्च गावी राहू लागले. घरात कडक धार्मिक शिस्त होती, कथाकादंबऱ्यांना मज्जाव होता. मुलाच्या वाट्याला आला तो समुद्र. वडील छातीभर पाण्यात उतरून कपारी चाचपत, मुलगा डबक्यांवर ओणवा होऊन शोध घेई. घरी आल्यावर तो वडिलांच्या ग्रंथांची नक्कल करीत चित्रांसह छोटे प्रबंध लिहू लागला. त्यात त्याने निळ्या ठिपक्यांचे, किरमिजी शुंडकांचे जीव स्वतःच्या मनाने रचले. ते खऱ्या जातींशी इतके मिळतेजुळते होते की काटेकोर नोंदींची सवय असलेले वडील अस्वस्थ झाले. वयाच्या नवव्या वर्षी, १८५९ मध्ये, याच मुलाला ब्रिटनमध्ये तोवर नोंद नसलेले एक समुद्रफूल सापडले. चित्र काढण्यासाठी त्याला प्रत्येक ठिपका पाहावा लागत होता, आणि पाहण्याच्या त्या सवयीतूनच हा शोध लागला असे म्हणायला जागा आहे.

गॉसच्या यशाचे परिणाम मात्र भयंकर झाले. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. रेल्वे किनाऱ्यापर्यंत पोचली होती. त्यात गॉसची पुस्तके हातोहात गेली. घरोघरी काचपेट्या आल्या आणि हातोडी, छिन्नी, बरण्या घेतलेले लोक झुंडीने किनाऱ्यावर उतरले. बहुतेक पेट्यांतले प्राणी थोड्याच दिवसांत मरत, मग नव्यांसाठी पुन्हा खडक खरवडले जात. एडमंडने १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात या विध्वंसाविषयी लिहिले आहे. लहानपणी पाहिलेली डबकी पन्नास वर्षांनी ओकीबोकी झाली होती. आपल्या पुस्तकांनीच हे ओढवले, ही जाणीव वडिलांना त्यांच्या हयातीतच झाली होती आणि तिने त्यांना फार क्लेश दिले, असेही तो नमूद करतो.

हे नुकसान लवकर का भरून निघत नाही, याचे उत्तर एका समुद्रफुलाच्या आयुष्यात मिळते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरून जॉन डॅलिएल या अभ्यासकाने १८२८ मध्ये आणलेले एक समुद्रफूल सांभाळणारे बदलत गेले तरी जगत राहिले आणि १८८७ मध्ये मेले. इतके दीर्घायुषी प्राणी एका दुपारी उपटले, तर डबके पुन्हा तसे भरायला माणसाची एक पिढी लागू शकते. नुसता दगड उलटून टाकणेही घातक ठरते. त्याच्या सावलीत राहणारे जीव उन्हाने मरतात आणि वरच्या अंगाचे शेवाळ खाली दबून कुजते.

जीव जागचा न हलवण्याचा हा धडा मुंबईत आज कायद्याने आणि सवयीने पाळता येतो. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा उपक्रम २०१७ पासून लोकांना ओहोटीच्या वेळी गिरगाव चौपाटी, हाजीअली, जुहू अशा किनाऱ्यांवर नेतो. खडकांवर प्रवाळ, समुद्रफुले, खेकडे, गोगलगायी, कधी माकूळ किंवा अष्टपाद दिसतात. जीव जिथे आहे तिथेच पाहायचा, छायाचित्र घ्यायचे आणि नोंद करायची, ही तिथली रीत आहे. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून संरक्षण आहे. मुलांनी पिशवीत काही भरून आणणे इथे शिक्षणात मोडत नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात, वेळास गावी, दुसरी वाट दिसते. पूर्वी इथल्या ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरली जात, कोल्ही-कुत्रीही घरटी उकरत. भाऊ काटदरे यांच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या चिपळूणच्या संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी जपायला सुरुवात केली. एका घरट्यात सुमारे शंभर अंडी असतात आणि दीडदोन महिन्यांत पिल्ले बाहेर येतात. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलली जाते. मग पाहुणी मुले दोरीअलीकडे उभी राहतात आणि पिल्ले वाळूवरून स्वतःच्या बळावर लाटेपर्यंत जातात. पिल्लाला हात लावायचा नाही, हे गावातलीच माणसे समजावून सांगतात. पाहुण्यांच्या राहण्याजेवणातून गावाला उत्पन्न मिळते, म्हणून कासव जपण्यात गावाचाही लाभ आहे.

शाळांना अशा भेटी घडवायच्या असतील तर पहिली अडचण वेळापत्रकाची येते. मोठी ओहोटी अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला लागते आणि मुंबईत ती साधारण सकाळी किंवा संध्याकाळी सहाच्या सुमारास येते. तेव्हा सहल तिथी पाहून ठरवावी लागते, किनारा ओळखणारा माणूस बरोबर असावा लागतो, आणि तो कोळीवाड्यातला असेल तर उत्तमच. गट लहान असावा. डबक्यावर सावली न पाडता बसणे, उचललेला दगड हळूच त्याच बाजूने परत ठेवणे, पाहिलेल्या जिवाचे चित्र व तारीख वहीत टिपणे आणि पुढच्या उधाणाला त्याच डबक्यापाशी येऊन काय बदलले ते ताडून पाहणे, एवढा अभ्यासक्रम प्राथमिक शाळेला पुरतो. एडमंड गॉसची नजर मुलांना यातूनच मिळू शकते, आणि त्यासाठी किनाऱ्यावरचा एकही जीव हलवावा लागत नाही.