जूनची फी, दिवाळीचा पैसा

वऱ्हाडात बारावीचा निकाल आणि मृगाचा पाऊस मागेपुढेच येतात. घरात पैसा एकच असतो. त्यातूनच सोयाबीनचं बियाणं घ्यायचं, खताची पोती आणायची आणि पोरीची कॉलेजची फी भरायची. सोयाबीन दसरा-दिवाळीला घरात येतं, कापूस त्याहून मागे रेंगाळत येतो. कॉलेजची फी मात्र जून-जुलैत मागितली जाते.

संपादकांनी अमरावती विद्यापीठाच्या प्रवेशांवर लिहायला सांगितलं होतं. कोण येतं, काय भरतं, कुणाला किती सवलत मिळते, असा साधा परिचय त्यांना हवा होता. मी आधी अमरावतीला गेलो. तपोवनाजवळचा विद्यापीठाचा परिसर मोठा आणि शांत आहे. पण या विद्यापीठाचा बहुतेक विद्यार्थी इथे नसतोच. तो दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा, पुसद, मेहकर अशा गावांतल्या संलग्न महाविद्यालयांत असतो. विद्यापीठाची इमारत त्याला नामांकन क्रमांक, गुणपत्रिका आणि पदवी यांपुरती माहीत असते. म्हणून मी अकोल्याला एका अनुदानित महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती खिडकीवर गेलो, आणि हा लेख तिथेच अडकून राहिला.

इतिहास थोडक्यात सांगतो. वऱ्हाडातल्या मुलाला पदवी हवी असेल तर पूर्वी घर सोडावं लागे. १९२३ साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघालं, तेच पुढे विदर्भ महाविद्यालय झालं. त्याच वर्षी नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि पुढची साठ वर्षं वऱ्हाडची महाविद्यालयं नागपूरकडे पाहत राहिली. गुणपत्रिकेतलं नाव चुकलं तरी नागपूरची गाडी धरायची. १ मे १९८३ रोजी अमरावतीचं स्वतंत्र विद्यापीठ झालं. आज अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला वाशिम असे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. पुढे त्याला संत गाडगेबाबांचं नाव दिलं गेलं. बाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे, आणि त्यांच्या दशसूत्रीत गरीब मुलामुलींच्या शिक्षणाला मदत हे एक सूत्र आहे. या विद्यापीठाला याहून योग्य नाव मिळालं नसतं असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच त्या सूत्राचं प्रत्यक्षात काय होतं ते पाहण्याची ओढ होती.

खिडकीमागे एक वरिष्ठ लिपिक बसतात. मुलं त्यांना काका म्हणतात. शिष्यवृत्तीचं काम त्यांच्याकडे कागदी फॉर्मच्या काळापासून आहे. तेव्हा फॉर्मचे गठ्ठे बांधून समाजकल्याण कार्यालयात नेत, आता महाडीबीटी पोर्टलवर अर्ज येतात. ऑनलाइन झाल्यावर काम कमी झालं असेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात गठ्ठे गेले आणि त्यांच्या जागी विद्यार्थी स्वतः येऊन उभे राहिले, कारण अर्ज मोबाइलवर भरला जातो आणि अडतो मात्र इथे, खिडकीत.

काकांची कागद पाहण्याची रीत मला फार आवडली. गुणपत्रिका ते सगळ्यात शेवटी पाहतात. आधी आधार कार्ड आणि टीसी शेजारी ठेवतात आणि नाव अक्षर-अक्षर जुळवतात. मग विचारतात, "खातं कोणत्या बँकेत?" मुलगी बँकेचं नाव सांगते. "आधार कोणत्या खात्याले लिंक आहे?" इथे बहुतेक जण गप्प होतात. सरकारी पैसा फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जात नाही. आधारशी शेवटी जोडलेलं खातं कोणतं, ते पाहून तो तिकडे जातो. कधी ते जनधनचं खातं असतं, कधी मोबाइलचं सिम घेताना अंगठा लावल्यावर उघडलेलं आणि मुलीला आठवतही नसलेलं. पैसा येतो, पण कुठे आला ते कळत नाही. म्हणून काका आधी बँकेतून आधार-जोडणीचा कागद आणायला लावतात. त्यानंतर तहसीलदारांच्या उत्पन्नाच्या दाखल्यावरची तारीख, मग जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, मध्ये वर्ष गेलं असेल तर खंडाचं प्रतिज्ञापत्र.

आणि मग असा एक प्रश्न येतो जो कोणत्याही फॉर्मवर नाही. "घरी सोयाबीन हाय का कापूस?"

सोयाबीन असेल तर फीचा पुढचा हप्ता ते आपल्या वहीत दिवाळीनंतरचा लिहितात, कापूस असेल तर संक्रांतीचा. घरी शेतच नसेल, आई-वडील मजुरीला जात असतील, तर पेन्सिलीने नुसती रेघ मारतात आणि प्राचार्यांशी स्वतः बोलतात. महाविद्यालयाचं वर्ष आणि शेताचं वर्ष जुळवून देणारी कोणतीही अधिकृत यंत्रणा मला या सगळ्या व्यवस्थेत दिसली नाही. ते काम एका वहीच्या समासात पेन्सिलीने चाललेलं आहे.

सवलतींची परंपरा आपल्याकडे जुनी आणि अभिमान वाटावा अशी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना सुरू झाली. ज्यांचं वार्षिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत आहे त्यांच्या मुलांना फीमाफी, ही 'ईबीसी'ची सवलत १९५९ साली यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आली. वऱ्हाडातली एक अख्खी पिढी ईबीसीचा फॉर्म भरून शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी झाली. आज त्या सवलतीच्या जागी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे आणि तिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. २०२४-२५पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कागदावर पाहिलं तर फीअभावी कुणाचं शिक्षण थांबायला नको.

पण फी हा खर्चाचा छोटा भाग आहे. अनुदानित महाविद्यालयातल्या बी.ए.ची फी घर बुडवत नाही. खोलीचं भाडं, मेस, एसटीचा पास, झेरॉक्स आणि सेतू केंद्राच्या फेऱ्या हा खरा खर्च आहे. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला बी.ए., बी.एस्सी., बी.कॉम.साठी भारत सरकारच्या शिष्यवृत्तीत मिळणारा निर्वाह भत्ता २०२१च्या सुधारित दरांनुसार घरून ये-जा करणाऱ्याला वर्षाला ३,००० रुपये आणि वसतिगृहात राहणाऱ्याला ६,००० रुपये आहे. सहा हजार म्हणजे महिन्याला पाचशे. अमरावतीत पाचशे रुपयांत महिन्याची मेस कुठे मिळते ते मला कुणी दाखवावं.

राहायचं कुठे, हा प्रश्न या भागात सगळ्यात आधी कुणी ओळखला असेल तर तो पंजाबराव देशमुखांनी. पापळच्या शेतकऱ्याचा हा मुलगा एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून परत आला. १९२०च्या दशकात त्यांनी अमरावतीत सगळ्या जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढलं. त्यांची शिवाजी शिक्षण संस्था त्यानंतरची. आधी वसतिगृह आणि मग शिक्षण संस्थेचा पसारा, हा क्रम मला फार बोलका वाटतो. खेड्यातल्या मुलाला शहरात अंथरूण टाकायला जागा नसेल तर वर्गातली जागा त्याच्या काही कामाची नाही, हे त्यांना ठाऊक होतं. आज त्यांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्त्याची शासकीय योजना आहे, पण तिचा रोख व्यावसायिक अभ्यासक्रमांवर आहे. बी.ए. करणाऱ्या अल्पभूधारकाच्या मुलीला तिचा आधार नाही.

ज्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळत नाही, त्यांच्यासाठी २०१६-१७पासून स्वाधार योजना आहे. अमरावतीसारख्या विभागीय शहरात वर्षाला ५१,००० रुपये आणि इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी ४३,००० रुपये असे तिचे दर. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी अशीच स्वयम् योजना आहे. या रकमा माणसाला खरंच जगवू शकतात. मेळघाटातल्या धारणीहून आलेला मुलगा परतवाड्याला किंवा अमरावतीला तीन वर्षं टिकतो तो अशा पैशांवर. अडचण इतकीच की खोलीमालक जुलैत आगाऊ मागतो आणि योजनेचा पैसा मागाहून येतो. मधले महिने मुलं मामाकडे राहतात, मित्राच्या खोलीत चौथा म्हणून झोपतात, किंवा रोज एसटीने जातात-येतात. एसटीच्या मासिक पासात विद्यार्थ्यांना ६६.६७ टक्के सवलत आहे. बारावीपर्यंत मुलींना पासच फुकट असतो आणि पदवीला आली की तो बंद होतो. मार्च २०२३पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, त्याने थोडा हातभार लागला. मूर्तिजापूरहून अचलपूर-यवतमाळकडे जाणारी शकुंतला रेल्वे चालू होती तेव्हा तो स्वस्त आधार होता, तीही थांबली.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला राखीव जागेवर जाणाऱ्या मुलाला जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्रही लागतं. याची मुळं एका प्रवेशाच्या खटल्यातच आहेत. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या माधुरी पाटील प्रकरणात पडताळणी समित्यांची पद्धत घालून दिली आणि पुढे राज्याने कायदा केला. हेतू चांगला होता. खोट्या दाखल्यांनी खऱ्या हक्कदारांच्या जागा जात होत्या, आणि आजही तपासणी नसावी असं मी म्हणणार नाही. पण पुराव्याच्या तारखा पाहा. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेआधीची, वडिलांच्या बाजूच्या कुणाची तरी जातीची नोंद हवी.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीजचा उतारा. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षातून कोतवाल बुकाची नक्कल काढायची. गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदींत पणजोबाला मुलगा झाल्याची एक ओळ असते आणि तिच्यात जात लिहिलेली असते. वही वाळवीने खाल्लेली असेल, पान फाटलेलं असेल, नुसतं "मुलगा" लिहून नाव सोडलं असेल, तर पुढची धावपळ सुरू. २०२३मध्ये मराठा आरक्षणाच्या निमित्ताने न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला आणि याच वह्यांकडे अख्ख्या राज्याचं लक्ष गेलं. वऱ्हाडातले पालक त्या आधीपासून शोधत होते.

हे मला सहन होत नाही. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्यांच्या नातवाकडून आपण आजोबांच्या शाळेचा कागद मागतो. भटक्या जमातीच्या कुटुंबाकडे १९६१च्या आधीचा एका गावचा पुरावा असणार तरी कसा? खिडकीत उभ्या एका बापाने काकांना विचारलं, "भाऊ, माहा बाप गावोगाव फिरे जी. त्याची नोंद कोन्त्या गावात पाहू?" काकांनी त्यांना भावकीत कुणाला वैधता मिळाली आहे का ते विचारायला सांगितलं. वडिलांच्या बाजूच्या रक्ताच्या नातेवाइकाचं वैधता प्रमाणपत्र असलं तर वाट सोपी होते. पण घराण्यातला पहिलाच शिकणारा असेल तर त्याच्या आधी कुणी नसतं.

आणि सगळं जुळलं तरी पोर्टल उरतंच. अर्ज लिपिकाच्या लॉगिनमधून प्राचार्यांकडे आणि तिथून जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या कार्यालयाकडे जातो. कुठल्याही टप्प्यावर त्रुटी निघाली की तो 'सेंड बॅक' होतो. विद्यार्थ्याला मेसेज जातो, पण तो जुन्या नंबरवर, आणि त्या नंबरचा रिचार्ज संपलेला असतो. म्हणून काका त्रुटीची यादी छापून भिंतीवर लावतात, शिवाय एकेकाला फोन करतात. मंजुरीनंतर पैसा येतो तोही तुकड्यांत. २०२१पासून अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा वेगवेगळा विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यातली फीची रक्कम त्याने महाविद्यालयात भरायची असते. तोवर घरात आजारपण आलेलं असतं किंवा दुबार पेरणी झालेली असते, आणि आलेला पैसा तिकडे वळतो. मग महाविद्यालयाच्या वहीत तो मुलगा थकबाकीदार ठरतो. फीसाठी शिष्यवृत्तीधारकाला अडवू नका, असं शासन बजावत असतं. पण वेळेवर पैसा न मिळालेल्या संस्थेनेही वर्ष कशावर चालवायचं, याचं उत्तर त्या परिपत्रकांत नसतं.

मागण्या फार मोठ्या नाहीत. निर्वाह भत्त्याचा पहिला हप्ता जुलैत द्या, पडताळणी मागाहून करा. पीककर्ज पेरणीआधी द्यायचं असतं हे सरकारला कळतं, तेच तत्त्व इथे लावा. अभिलेख कक्षातल्या कोतवाल बुकांच्या प्रती संगणकावर आणा, म्हणजे दर पिढीला पुन्हा तेच पान उलटावं लागणार नाही. एका भावाची पडताळणी झाली असेल तर सख्ख्या बहिणीला नवी फाइल लावू नका. बी.ए., बी.एस्सी.च्या मुलींनाही राहण्याचा भत्ता द्या. खेड्यातली मुलगी आधी साध्या पदवीलाच येते, आणि तिथेच टिकली नाही तर पुढच्या मोफत व्यावसायिक शिक्षणापर्यंत ती पोचणारच नाही.

माझी सगळ्यात मोठी काळजी मात्र त्या खिडकीची आहे. काकांची निवृत्ती जवळ आली आहे. अनुदानित महाविद्यालयांतली शिक्षकेतर भरती वर्षानुवर्षं रखडलेली आहे. त्यांच्या शेजारी सध्या कंत्राटावरचा एक तरुण बसतो. पोर्टल त्याला काकांपेक्षा चांगलं येतं आणि आधार-जोडणी तो मोबाइलवर क्षणात तपासतो. पण त्याचा करार मार्चमध्ये संपतो आणि त्याच सुमारास शिष्यवृत्तीच्या त्रुटी निघायला लागतात. काका त्याला सध्या वही वाचायला शिकवत आहेत. कोणत्या रेघेचा अर्थ काय, कुणाच्या घरी फोन केला तर आई उचलते, कोणत्या गावचा पोस्टमन पत्र पोचवतो. करार वाढला तर पुढच्या जूनमध्ये सोयाबीन का कापूस, हे तो विचारेल. करार वाढण्याबद्दल संस्थेने त्याला अजून काही सांगितलेलं नाही.