तरवडाच्या बीचे तीन प्रश्न

सासवडहून जेजुरीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना उघडी माळरानं लागतात. दसऱ्याच्या सुमाराला तिथे पिवळ्याधमक फुलांची कंबरेएवढी झुडपं दिसतात ना, बाळांनो, तो तरवड. त्याला कोणी पाणी घालत नाही, खत देत नाही. गुरंही सहसा त्याला तोंड लावत नाहीत. एप्रिल-मे महिन्यांत भोवतालचं गवत करपून जातं, तेव्हाही तरवड हिरवा असतो. एकदा रुजला की वर्षानुवर्षं जागा सोडत नाही. पूर्वी त्याच्या सालीने चामडं कमावायचे. शेजारच्या तेलंगणाने तर त्याला राज्यफुलाचा मान दिला आहे. तिथे नवरात्राच्या सुमाराला बायका फुलांचे थर रचून बतुकम्मा उभी करतात, त्या थरांत तरवडाचं फूल हवंच.

आज या झुडपाच्या बीची गोष्ट ऐका. गोष्ट खरी आहे. माणसांनी मातीत हात घालून, वर्षानुवर्षं प्रयोग करून ती शोधून काढली आहे.

तरवडाची शेंग चपटी आणि पातळ असते. वाळली की तपकिरी होते, हलवली की आत बिया वाजतात. या बिया आणून कुंडीत पेरा आणि रोज पाणी घाला. आठवडा गेला, पंधरवडा गेला, तरी बहुतेक बिया तशाच राहतात. शेजारच्या कुंडीतली मेथी मात्र चार दिवसांत वर आलेली असते. असं का होतं?

मेथी, गहू, हरभरा यांना माणसाने हजारो वर्षं हाताळलं. पेरलं की जी बी चटकन उगवली तिचंच पीक त्याच्या हाती आलं आणि तिचंच बियाणं त्याने पुढच्या वर्षासाठी ठेवलं. म्हणून शेतातली बी सांगितल्या वेळी उगवते. रानातल्या बीला असं कोणी निवडलं नाही. तिची परीक्षा उन्हाने घेतली आणि पावसाने घेतली. घाईने उगवलेली रोपं वाळून गेली, थांबलेल्या बियांचा वंश टिकला. म्हणून रानातली बी उगवण्याआधी तीन प्रश्न विचारते आणि उत्तर पटल्याशिवाय हलत नाही.

पहिला प्रश्न असा: उन्हाळा सरला का?

समजा, तरवडाची बी डिसेंबरात जमिनीवर पडली आणि दोन दिवसांनी अवकाळी पाऊस आला. ती लगेच उगवली तर पुढचे सहा महिने कोवळ्या रोपाने काय प्यायचं? म्हणून बी पाण्याला आतच घेत नाही. तिच्या कवचाच्या बाहेरच्या थरात उभ्या, लांबट पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटून असतात की पाण्याचा थेंबही आत शिरत नाही. आपल्या रानातल्या कितीतरी शेंगवर्गीय झाडांच्या बिया अशा असतात. निळ्या फुलांची गोकर्ण घ्या, नाहीतर जांभळट फुलांची उन्हाळी घ्या. जिचं नावच उन्हाळी, तिला उन्हाची काय तमा!

शेंगेला जिथे बी चिकटलेली असते, तिथे बीवर एक लहानशी खूण राहते. आपण तिला डोळा म्हणू. न्यूझीलंडचे हाइड नावाचे शास्त्रज्ञ क्लोव्हर आणि ल्युपिन यांच्या बिया तपासत होते. १९५४ साली त्यांनी या डोळ्याचं काम उलगडून दाखवलं. हवा कोरडी असली की डोळ्यातली बारीक फट उघडते आणि आतली ओल बाहेर जाते. हवा दमट झाली की फट मिटते. म्हणजे ओल बाहेर जाऊ शकते, पण आत येऊ शकत नाही. बी वाळत जाते आणि कवच आणखी पक्कं होत जातं. गोकर्ण आणि उन्हाळी या क्लोव्हर-ल्युपिनच्याच पोटकुळातल्या आहेत.

मग ही बी उघडते तरी कशी? उन्हाळ्यानेच. मे महिन्यात उघड्या माळाची माती दुपारी पन्नास अंशांच्याही पुढे तापते आणि रात्री निवते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तापते, पुन्हा निवते. पश्चिम ऑस्ट्रेलियात क्विनलिव्हन या शास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात दाखवलं की एकसारख्या उष्णतेपेक्षा हा रोजचा चढउतार टणक बियांना जास्त मऊ करतो. कवचात डोळ्याजवळ एक नाजूक जागा असते, कवच तिथे सुटतं. आता पाण्याला वाट मिळाली. उन्हाळा अंगावर घेतल्याशिवाय ही बी पाण्याला हात लावत नाही, आणि उन्हाळ्यानंतर आपल्याकडे काय येतं ते तुम्हाला ठाऊक आहे.

दुसरा प्रश्न: हा पाऊस खरा आहे का?

हा प्रश्न वेगवेगळ्या बिया वेगवेगळ्या तऱ्हेने विचारतात. शाळेच्या कुंपणालगत जांभळ्या फुलांचं एक लहान झाड उगवतं. त्याच्या वाळक्या, टोकदार शेंगा पाण्यात टाकल्या की फट्‌कन फुटतात. तुम्ही जिभेवर ओल्या करून हा खेळ खेळला असाल. त्याचं नाव रुवेलिया. ते मूळचं अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं, आता आपल्याकडे सगळीकडे पसरलेलं. त्याची शेंग कोरडी असेपर्यंत बिया धरून ठेवते. पाणी लागलं की शेंगेची शिवण सुटते, ताणलेल्या दोन्ही फाका झटक्याने उलगडतात आणि बिया दूर उडतात. ओल्या मातीवर पडताच बीभोवती चिकट थर तयार होतो, त्यामुळे ती तिथेच मातीला धरून राहते. आपल्या पिवळ्या कोरांटीची बी चपटी असते आणि तिच्या अंगावर दबलेले केस असतात. पाणी लागलं की ते केस उभे राहतात, चिकट होतात आणि ओल धरून ठेवतात.

अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातल्या वाळवंटात फ्रिट्स वेंट या शास्त्रज्ञाने याहून नवलाची गोष्ट पाहिली. तिथल्या रानफुलांच्या बिया असलेली माती त्यांनी आणली आणि वरून पावसासारखं पाणी दिलं. साधारण १२ मिलीमीटरच्या पुढे पाऊस पडल्यावर बिया उगवू लागल्या, २५ मिलीमीटरला जास्तच. तेवढीच ओल त्यांनी मातीला खालून शोषायला दिली, तेव्हा मात्र बिया उगवल्या नाहीत. माती तर तितकीच भिजली होती! कारण त्या बियांमध्ये उगवण रोखणारी द्रव्यं असतात. वरून पडणारं पाणी ती धुऊन खाली नेतं. थोडक्या सरीने ती धुतली जात नाहीत, भरपूर पावसाने जातात. बीजवळ पर्जन्यमापक नाही, पण पाऊस किती पडला हे ती अशी मोजते. ती फुलं एका हंगामाची होती. तरी पाऊस तोलून पाहण्याची ही विद्या कोरड्या मुलखातल्या अनेक झाडांनी आपापल्या परीने साधली आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यांत शहाणपणाचा: आम्ही सगळ्याजणींनी एकदम निघायचं का?

उन्हाळा सरला, मृगाचा पाऊस आला, काही बिया उगवल्या. आणि पुढे पाऊसच पडला नाही तर? आपल्या महाराष्ट्राने १९७२ सालचा दुष्काळ पाहिला आहे. त्या साली एखाद्या झाडाच्या झाडून सगळ्या बिया उगवल्या असत्या आणि वाळल्या असत्या, तर त्या माळावरचा त्याचा वंश धोक्यात आला असता. म्हणून एकाच शेंगेतल्या बियाही सारख्या नसतात. काहींचं कवच पहिल्या उन्हाळ्यात सुटतं, काहींचं दुसऱ्या, काहींचं आणखी उशिरा. १९६६ साली डॅन कोहेन या इस्राएली शास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की पाऊस जितका बेभरवशाचा, तितक्या जास्त बिया मागे राखणं झाडाच्या हिताचं असतं.

बी किती थांबू शकते? अमेरिकेच्या मिशिगन राज्यात विल्यम बील नावाचे प्राध्यापक होते. १८७९ साली त्यांनी वीस बाटल्यांमध्ये तिथल्या तणांच्या बिया ओलसर वाळूत मिसळून भरल्या आणि बाटल्या जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी एकेक बाटली काढायची आणि बिया पेरून पाहायच्या, असा बेत होता. बील गेले, त्यांच्यामागून दुसरे आले, तेही गेले. जागा गुपित ठेवली जाते आणि एक पिढी ती दुसरीला सांगते. २०२१ साली एक बाटली काढली. १४१ वर्षं जमिनीत राहिलेल्या त्या बियांमधून व्हर्बॅस्कम या तणाची रोपं उगवली! शेवटची बाटली २१०० साली निघायची आहे.

आता बीचे तिन्ही प्रश्न सुटले आणि अंकुर बाहेर आला. तुम्हाला वाटेल, आता भराभर पानं येतील, फुलं येतील. तरवड तसं करत नाही. तो आधी खाली जातो. वर दोन-चार पानं दिसतात, तोवर खाली सोटमूळ ओल शोधत मुरमात शिरलेलं असतं. दुष्काळ सोसणाऱ्या बहुवर्षायू झाडांची ही रीतच आहे. अमेरिकेतल्या नेब्रास्काचे शास्त्रज्ञ जॉन वीव्हर यांनी गवताळ माळावर माणूस उभा राहील इतके खोल चर खणले आणि रानफुलांची मुळं एकेक करून मोकळी केली. अनेकांची मुळं दोन मीटरच्या खाली गेलेली होती, काहींची चार मीटरच्याही खाली. १९३०च्या दशकात तिथे भीषण दुष्काळ पडला, तेव्हा उथळ मुळांची झाडं आधी गेली, खोल मुळांची पुष्कळशी तगली. उन्हाळी आणि गोकर्ण यांच्या मुळांवर बारीक गाठी असतात. त्यांत राहणारे जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला देतात. जिवंत गाठ नखाने फोडून पाहा, आतून गुलाबी निघेल.

आणि फुलाचंही ऐका. तरवडाचा पराग सहज हाती लागत नाही. तो बंद पुंकेसरांत असतो आणि त्यांच्या टोकाला बारीक छिद्र असतं. काळा भुंगा येतो, फूल पायांनी घट्ट धरतो आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवतो. त्या थरथरीने पराग छिद्रातून बाहेर उडतो. मधमाशीला ही कला येत नाही. म्हणून तरवडाला शेंगा हव्या असतील तर भुंगे हवेत, आणि भुंगे हवे असतील तर अंगणात वाळकं लाकूड किंवा बांबू राहू द्यावा आणि फवारणी टाळावी. भुंगे लाकडात आणि बांबूत घर करतात.

हे सगळं कळलं की बी उगवणं सोपं आहे. बीच्या प्रश्नांची उत्तरं आपण द्यायची, इतकंच.

शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्या. एका झाडाच्या दोन-चार शेंगाच घ्या, बाकीच्या माळाला राहू द्या. देवराई, अभयारण्य किंवा कासच्या पठारासारख्या राखीव जागेतून काहीही उचलू नका. बिया सावलीत वाळवून, थोडी राख लावून कागदी पुडीत ठेवा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर पॉलिश पेपरने द्या. डोळ्याच्या विरुद्ध बाजूने बी हलकेच घासा. आतला फिकट रंग दिसला की थांबा. बिया पुष्कळ असतील तर आई-बाबांना पाणी उकळून आचेवरून उतरवायला सांगा. थोडं निवल्यावर त्यात बिया टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी ज्या फुगल्या त्या पेरा, ज्या फुगल्या नाहीत त्या पुन्हा घासा. रुवेलियाला यातलं काही लागत नाही, पण ते मुद्दाम लावूही नका. त्याला पसरायला आपली मदत नको.

माती हलकी हवी. मुरूम, वाळू आणि थोडं कुजलेलं शेणखत पुरे. जास्त खताने रोप उंच आणि लेचंपेचं होतं. सोटमूळ लांब जातं, म्हणून पसरट कुंडीपेक्षा उंच पिशवी बरी. दुधाच्या पिशव्यांना खाली भोकं पाडली तरी चालतं. बी स्वतःच्या जाडीच्या दुप्पट खोल पेरा. मेअखेर, रोहिणीत पेरलं तर आषाढात रोपं जमिनीत जातात आणि पुढचा पाऊस त्यांना मिळतो. लावताना मुळाभोवतीची माती फोडू नका. पहिले काही आठवडे ओल राखा. मग पाण्यातलं अंतर वाढवत न्या, पण द्याल तेव्हा खोलवर भिजेल इतकं द्या. रोज वरवर पाणी घातलं तर मूळ वरच राहतं आणि पहिल्याच मे महिन्यात रोप मान टाकतं.

फुलं कधी? गोकर्ण त्याच वर्षी फुलेल. तरवडासाठी धीर धरा. पहिल्या वर्षी तो वीतभर दिसला तरी त्याचं काम खाली चाललेलं असतं. कळलावी बीपासून लावली तर फुलायला काही वर्षं लागतात आणि दर हिवाळ्यात ती जमिनीवरून नाहीशी होते. तेव्हा मेली म्हणून उपटू नका, तिचा कंद खाली जिवंत असतो. पण ती मुळापासून बीपर्यंत विषारी आहे, लहान मुलं असलेल्या घरात नकोच.

यंदा प्रत्येकाने एक गोकर्ण आणि एक तरवड लावा. आणि बाळांनो, सगळ्या बिया एकाच वर्षी पेरून टाकू नका. निम्म्या पुडीत ठेवा, त्यावर साल लिहा. पाऊस दगा देईल त्या वर्षी त्याच कामाला येतील.