चित्रातले हसू कोणाचे?

गेल्या महिन्यात एका सायंकाळी, दिवेलागणीच्या सुमारास, पिरनवाडीतील आमच्या खोलीत चार मुले एक गाढव घेऊन आली. वाचकांनी घाबरू नये. गाढव कागदावरचे होते. नाताळच्या नाटुकल्यासाठी एका मुलीने ते रंगविले होते आणि ते बोलावे अशी मंडळींची इच्छा होती. तिचा थोरला भाऊ बेळगावात अभियांत्रिकी शिकतो. त्याने चित्राचा फोटो घेतला, मोबाईल आमच्याच पुस्तकांच्या चळतीला टेकवून समोर उभा केला आणि म्हणाला, "फादर, तुमी नुस्तं बोला. मान लई हलवू नका. बाकीचं त्यो करतोय बगा."

आम्ही बोललो. गव्हाणीतले गवत आपले, आणि त्यावर निजावयास मात्र पाहुणे आले, अशी गाढवाच्या वतीने अर्धा मिनिट तक्रार केली. थोड्याच वेळात गाढव तीच तक्रार करू लागले. ओठ आमच्या शब्दांबरोबर हलत होते, पापण्या मिटत होत्या, आणि "पाहुणे" या शब्दावर त्याची डावी भुवई हळूच वर चढली. मुले हसून लोळू लागली. "फादर, प्रवचनात तुमी अश्शीच भुवई करताय!" सेमिनरीत आमचे हातवारे सुधारण्यात आले, आवाज सुधारण्यात आला, या भुवईविषयी मात्र चव्वेचाळीस वर्षांत कोणी अवाक्षर काढले नव्हते.

हे घडते कसे, ते त्या मुलाने सांगितले आणि पुढे आम्ही वाचूनही पाहिले. यंत्रास दोन गोष्टी लागतात : एक स्थिर चित्र आणि एक हलता चेहरा. चेहऱ्यावरील ओठांचे कोपरे, पापण्या, भुवया, मानेचा कल क्षणोक्षणी कसा बदलतो हे ते टिपते आणि त्याबरहुकूम चित्र पुनःपुन्हा नव्याने रेखाटते. असंख्य चलच्चित्रांवरून ते हे शिकलेले असते. म्हणून जे चित्रात नाही तेही ते अंदाजाने भरते. मुलीने गाढवास दात काढले नव्हते. यंत्राने ते दिले, आणि तेही माणसाचे!

निर्जीवास हालविण्याची हौस काही आजची नव्हे. १९१५ च्या सुमारास दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीतल्या काड्या नाचविल्या. त्याच सुमारास अमेरिकेत मॅक्स फ्लायशर याने विदूषकाचा वेष घातलेल्या आपल्या भावाचे चित्रीकरण केले आणि त्यातील एकेक चित्र काचेवर गिरवून कागदी विदूषकास माणसाची चाल दिली. २००९ च्या 'अवतार' चित्रपटात नटांच्या डोक्यास बांधलेला छोटा कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावरील हालचाली टिपीत असे. आपल्या देशात २०१४ साली रजनीकांत यांच्या 'कोचडैयान' चित्रपटात नटाच्या हालचाली टिपून चित्ररूप नायक उभा केला गेला. या सर्वांस मोठे सामान आणि मोठा खर्च लागे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रनवे या अमेरिकन कंपनीने 'ॲक्ट-वन' नावाचे साधन आणले, त्यास साध्या कॅमेऱ्याने घेतलेले चेहऱ्याचे चित्रीकरण पुरते. त्या जातीची साधने आता आमच्या गल्लीतही पोहोचली आहेत.

आंबोलीचा घाट उतरून सावंतवाडी मागे टाकली की कुडाळजवळ पिंगुळी लागते. तेथील ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या प्रसिद्ध आहेत; त्यांपैकी श्री. परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. बाहुलीची दोरी दुसऱ्याच्या हाती आहे हे त्या खेळात लहान मुलासही ठाऊक असते. आमचे गाढव त्याच कुळातले, अशी आम्ही आपली समजूत करून घेतली होती.

आमची समजूत एका आजींनी घालविली. गाढवाची कीर्ती मोबाईलवरून गावभर झाली होती. पुढच्या रविवारी आजी यजमानांची चौकट पदराखाली घेऊन आल्या. यजमान जाऊन नऊ वर्षे झाली. फोटो ओळखपत्राचा मोठा केलेला, चेहरा ताठ. "एकदा हसताना दाखवा, फादर." नाही म्हणावयास हवे होते, आम्हांस तो दयाभाव वाटला. मुलाने फोटो घेतला, आम्ही मोबाईलसमोर बसून हसलो.

चौकटीतले गृहस्थ हसले. अगदी खरे वाटावे असे. आजींनी दोनदा पाहिले. मग म्हणाल्या, "ह्ये ह्येंचं हसणं न्हवं, फादर. ह्ये तुमचं हाय."

गृहस्थांनी आयुष्य निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत काढले होते. पुढचे दोन दात गेल्यापासून ते ओठ उघडून कधी हसले नाहीत. यंत्राने त्यांस सगळे दात परत दिले होते.

द्यूशेन या फ्रेंच वैद्याने चेहऱ्याच्या स्नायूंस विजेचे झटके देऊन अभ्यास केला व १८६२ साली लिहिले, की ओठांचे कोपरे मनुष्य हुकमाने उचलतो, डोळ्यांभोवतीचा स्नायू मात्र खऱ्या आनंदानेच हालतो. आजींस द्यूशेन ठाऊक नाही. पण त्या डोळेच पाहत होत्या.

अभिनेते अनिल कपूर यांनी आपला चेहरा, आवाज आणि आपले 'झकास' इतरांनी परवानगीवाचून वापरू नये म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाकडून मनाई हुकूम मिळविला. जिवंत माणूस असा दरवाजा ठोठावू शकतो. वखारीतल्या हमालाचे हसू त्याचे नव्हे, हे सांगणारी साक्षीदार एकच होती, आणि ती आमच्यासमोर बसली होती. तिच्या नातवंडांनी मात्र ते चलच्चित्र खरेच मानले असते. आजोबांस पाहिलेले त्यांच्यात कोणी नाही.

"पुसून टाका," आजी म्हणाल्या. मुलाने ते तत्काळ पुसले. आम्ही क्षमा मागितली. त्यांनी ती ऐकली न ऐकल्यासारखी केली, पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, "असं हसायचे." ओठ घट्ट मिटून, डोळे बारीक करून, मान किंचित खाली घालून त्यांनी ते आम्हांस करून दाखविले.

गाढव नाताळात बोलणार आहेच. भुवई तेवढी खाली आणा, ही आमची विनंती मुलांनी मान्य केलेली नाही.