पडद्यावरील चित्राची मर्यादा

चित्र पडद्यावर मोठे करून दाखविण्याची कला कल्याणला नवी नाही. १८९२ साली कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने पडद्यावरील चित्रांचे खेळ सुरू केले. हाताने रंगविलेल्या काचपट्ट्यांवरील चित्रे दिव्याच्या प्रकाशाने पडद्यावर उमटत. काच जेवढी, तेवढ्यातच चित्र रेखावे लागे. आज क्रम उलटला आहे. चित्र आयते मिळते आणि ते चौकटीत बसविण्याचे काम आपल्यावर येते. ठाण्यातील पाठशाळेचा कार्यक्रम असो की डोंबिवलीतील पेढीने ग्राहकांपुढे मांडावयाचा नवा माल, हे काम आता घरोघरी तरुण मुलेच करतात.

चित्र शोधताना पहिला प्रश्न मालकीचा. आपल्या कायद्यानुसार छायाचित्रावरील हक्क सामान्यतः छायाचित्रकाराच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. न दिलेले घेणे म्हणजे अदत्तादान, हे आपल्याला बालपणापासून शिकविले जाते. महाजालावरील चित्रही त्याला अपवाद नाही. विकिमीडिया कॉमन्सवर प्रत्येक चित्रासोबत कर्त्याचे नाव व वापराच्या अटी दिलेल्या असतात. त्या वाचाव्यात आणि श्रेय मागितले असेल तेथे चित्राखाली नाव द्यावे.

दुसरा प्रश्न आकाराचा. रुंद पडद्याचे प्रमाण बहुधा १६:९ असते; त्यावर १९२० × १०८० ठिपके मावतात. ३०० ठिपके रुंदीचे चित्र पडदाभर केले, तर ते सहापटीहून अधिक ताणले जाते व धूसर दिसते. म्हणून मूळ चित्र मोठेच घ्यावे. आकार बदलताना कोपरा धरून ओढावा. बाजू धरून ओढल्यास उंच शिखर बुटके होते आणि माणसे फुगीर दिसतात.

प्रमाण जुळत नसेल तर चित्र ताणू नये, कापावे. मोबाइलवरील ४००० × ३००० चे छायाचित्र १६:९ मध्ये बसविताना उंचीतील ७५० ठिपके सोडावे लागतात. ते वरून सोडावयाचे की खालून, हे विचारपूर्वक ठरवावे. मंदिराच्या चित्रात कळसच कापला गेला तर उरलेल्या चित्राला अर्थ राहत नाही.

व्यापाऱ्याने विशेष जपावी अशी गोष्ट शेवटी. पॉवरपॉइंटमध्ये कापलेला भाग नष्ट होत नाही, केवळ झाकला जातो. बिलाच्या छायाचित्रातून ग्राहकाचे नाव किंवा खरेदीचा भाव कापून तीच फाइल दुसऱ्यास पाठविली, तर घेणारा तो भाग पुन्हा उघडून पाहू शकतो. यासाठी चित्र निवडून ‘कॉम्प्रेस पिक्चर्स’मध्ये जावे, कापलेले भाग काढून टाकण्याचा पर्याय निवडावा आणि मगच फाइल जतन करावी. ग्राहकाने विश्वासाने दिलेला तपशील पेढीबाहेर जाऊ न देणे ही आपल्या व्यापाराची जुनी रीत आहे. पडद्यावरील चित्रालाही तीच लागू पडते.